सरड्यांची बोटे आणि लिंगभेदाचे एक गमक

मानवी हाताची तर्जनी व अनामिका यांच्या लांबीतील संबंध हा मूळचा शरीररचनाशास्त्राचा विषय होय. फ्रायबुर्ग येथील आलेक्झांडर एकर यांनी १८७५ साली हे लक्षण व्यक्तिपरत्वे बदलते असे नोंदविले. १९५२ मध्ये फेल्प्स यांनी त्यावर लिंगाचा प्रभाव असल्याचे प्रतिपादन केले. तथापि या लक्षणास विशेष महत्त्व आले ते १९९८ साली. त्या वर्षी लिव्हरपूलचे जॉन मॅनिंग व त्यांचे सहकारी यांनी दुसऱ्या व चौथ्या बोटांच्या लांबीच्या गुणोत्तराचा संबंध टेस्टोस्टेरॉनशी जोडला. पुरुषांत हे गुणोत्तर स्त्रियांपेक्षा सरासरीने किंचित कमी असते. त्यावरून जन्मापूर्वी गर्भावर झालेल्या पुंसंप्रेरकांच्या परिणामाचा अंदाज करता येईल, अशी कल्पना रूढ झाली. जे प्रत्यक्ष मोजणे दुष्कर, ते केवळ बोटे मोजून कळावे, हे आकर्षण मोठेच होते.

मग हेच गमक इतर प्राण्यांना लावण्यात आले. २००२ मध्ये प्रयोगशाळेतील उंदरांत, २००४ मध्ये झेब्रा फिंच पक्ष्यांत लिंगभेद आढळले. २००६ मध्ये युरोपातील भिंतींवर वावरणारा सरडा, झाडावर राहणारी एक सापसुरळी आणि अमेरिकेतील हिरवा अनोल यांची मोजमापे प्रसिद्ध झाली. नर व मादी यांत भेद होता. परंतु त्याची दिशा सर्व जातींत एकच नव्हती.

या विसंगतीचा विचार करताना मूळ रचनेकडे पाहणे अगत्याचे ठरते. मनुष्याच्या या दोन्ही बोटांत प्रत्येकी ३ पेरे असतात. सरड्याच्या सर्वसाधारण रचनेत दुसऱ्या बोटात ३, तर चौथ्यात ५ पेरे असतात. शिवाय सरड्याची बोटे चढण्याधावण्याचे साधन आहेत. म्हणूनच २०११ मध्ये इग्वानावर्गीय सरड्यांच्या अभ्यासात शरीराचा आकार व वसतिस्थान यांचाही विचार करावा लागला. मानवातील भेदसुद्धा अंशतः बोटांच्या एकूण लांबीचाच परिणाम असावा, असा आक्षेप क्रातोख्विल व फ्लेगर यांनी २००९ मध्येच घेतला होता.

संप्रेरकांचा प्रभाव यामुळे खोटा ठरत नाही. झेंग व कोन यांनी २०११ साली उंदरांच्या गर्भावर प्रयोग करून, चौथे बोट पुंसंप्रेरक व स्त्रीसंप्रेरक या दोहोंना दुसऱ्यापेक्षा अधिक प्रतिसाद देते, असे दाखविले. मात्र पुढील साऱ्याच मोजमापांत उंदरांतील हा भेद एकसारखा दिसला नाही.

सारांश, समूहांच्या सरासरीतील सूक्ष्म अंतर ही एक गोष्ट आणि एकाच व्यक्तीच्या हातावरून तिचा गर्भेतिहास वाचणे ही दुसरी. सरड्यांच्या बोटांनी मानवी गमकाला दुजोरा दिला नाही. त्याची मर्यादा मात्र स्पष्ट केली, आणि शास्त्राच्या दृष्टीने हा लाभही थोडा नव्हे.