मधुमेहजन्य शिश्नमुंडशोथ

मधुमेही पुरुषांत शिश्नमुंड व अग्रत्वचा यांना, बहुधा कँडिडा या यीस्टमुळे, येणारी दाहयुक्त सूज. रक्तशर्करा दर डेसिलिटरला सुमारे 180 मिग्रॅ.च्या वर गेली की साखर लघवीत उतरते व अग्रत्वचेखालच्या ओलाव्यात यीस्ट फोफावते (पहा : मधुमेह, यीस्ट). लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनीही ही शक्यता वाढते. खाज, लाली, पांढरट थर आणि अग्रत्वचेच्या कडेला बारीक चिरा ही लक्षणे. चिरा वारंवार पडून भरताना कातडी आकसते व मागे सरकेनाशी होते (पहा : अग्रत्वचासंकोच). क्लोट्रिमॅझोल मलमाने संसर्ग आटोक्यात येतो, मात्र साखर चढीच राहिल्यास उलटतो. निदान न झालेल्या मधुमेहाची ही कधीकधी पहिली खूण असल्याने अशा रुग्णाची रक्तशर्करा तपासतात.