दिवा कोणत्या घरातला? चुकलेल्या एका प्रश्नाची गोष्ट

तुम्ही सध्या प्रश्नावली तयार करत असाल, तर आधी माझी चूक ऐका. माझा विषय आहे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कातकरी कुटुंबांचं हंगामी स्थलांतर. पावसाळ्यात एका वाडीवर घरोघर फिरताना मी विचारत होते, "घरात वीज आहे का?" एका आजींनी वर लटकणारा बल्ब दाखवला. मी 'आहे'वर खूण केली. निघताना आजी म्हणाल्या, "पण बाय, हा चार महिन्यांचा दिवा. भट्टीवर कुठला दिवा?"

त्या एका वाक्यानं माझा अख्खा रकाना खोटा ठरवला.

दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ती परततात पावसाच्या तोंडावर. तिथलं घर म्हणजे विटा नुसत्या एकावर एक रचून केलेल्या भिंती आणि वर पेंढा किंवा प्लॅस्टिक. आत वाकूनच शिरायचं. काम पहाटे अंधारात सुरू होतं, म्हणजे उजेड हवा तो नेमका तेव्हाच. पौष-माघात थंडी पडते, तेव्हा ऊब लागते. पण पेंढ्याच्या छपराखाली मोठा जाळ करता येत नाही आणि लहान जाळ केला तर झोपडीभर धूर होतो. मग शेकोटी बाहेर पेटते आणि झोपायचं मात्र आत, गारठ्यात. समोर विटांची भट्टी दिवसेंदिवस धगधगत असते. ती ऊब विटांसाठी असते.

"आता सोलर आहे ना?" असं कुणी म्हणेल. साधा हिशेब करून बघू. १० वॅटच्या पॅनेलला ५ तास चांगलं ऊन मिळालं, तर जास्तीत जास्त ५० वॅट-तास वीज मिळते. ३ वॅटचा एलईडी दिवा त्यावर रात्रभर चालेल, मोबाइलही थोडाफार चार्ज होईल. पण १००० वॅटचा हीटर जेमतेम ३ मिनिटं चालेल. उजेडाला वीज थोडी पुरते, उबेला फार लागते. अमेरिकेत गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात राहणाऱ्यांनाही हाच हिशेब चुकत नाही. ते उबेसाठी गॅस जाळतात, बॅटरी दिव्यांसाठी राखतात. फरक असा की त्यांच्या मुक्कामाच्या तळांवर बहुतेक ठिकाणी गाडीची तार जोडायला विजेचा खांब असतो. घर फिरतं असू शकतं, हे तिथे आधीच धरलेलं असतं. आपल्याकडे ते धरलेलं नाही, आणि इतिहासाचा प्रश्न इथेच सुरू होतो.

थोडं मागे जाऊ. कातकरी किंवा काथोडी हे नाव खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून आलं. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८२ सालचं आहे. त्यात या समाजाची आणि त्याच्या जंगलातल्या वस्तीची नोंद सापडते. काथामागून कोळसा आला. लाकडं रचायची, पाला-मातीनं झाकायची आणि हवा जवळजवळ बंद करून ती दिवसचे दिवस धुमसू द्यायची. कुठे भेग पडून हवा शिरली, की कोळशाची राख. म्हणून रात्रंदिवस पहारा, आणि म्हणून अख्खं कुटुंब ठेकेदाराच्या उचलीवर जंगलात, कोळशाच्या भट्टीशेजारच्या खोपीत. हा कोळसा शहरातल्या शेगड्यांत आणि इस्त्र्यांत जळायचा. पुढे घराघरांत रॉकेलचे स्टोव्ह आणि गॅस आले, जंगलावरचे निर्बंध वाढले, कोळशाचं काम आटलं. उचल मात्र टिकली. ती वीटभट्टीच्या मालकाकडे गेली.

याच काळात शहापूर तालुक्यातून काय काय गेलं बघा. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला. १९३० च्या सुमारास कल्याण-इगतपुरी रेल्वेमार्गावर विजेच्या तारा. पुढे भातसा धरण आणि त्यावरचं १५ मेगावॅटचं वीजगृह. म्हणजे इथे वीज नव्हती असं नाही. ती खोपीत पोचली नव्हती.

मग कागदावर काय दिसतं? इथे प्रत्येक शब्दाची व्याख्या तपासा. १९९७ पर्यंत महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असेल, तरी गाव 'विद्युतीकृत' ठरायचं. एखादा पंप पुरे! २००४ मध्ये व्याख्या बदलली आणि किमान १० टक्के घरांत वीज हवी अशी अट आली. २०१७ च्या सौभाग्य योजनेनं घर हेच एकक धरलं. ही खरी सुधारणा होती. आजींचा बल्ब अशाच प्रयत्नांमुळे घराघरांत पोचला. पण गाव असो की घर, एकक जागेवर उभंच राहिलं. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीतही प्रकाशाचा मुख्य स्रोत विचारला होता, पण उत्तर एकच द्यायचं होतं. सहा-सात महिने दुसरीकडे राहणाऱ्या माणसाचं दुसरं उत्तर लिहायला जागाच नव्हती.

कायद्याचंही तेच. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं मजुरांना योग्य निवारा देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली. पण शहापूरहून भिवंडीला जाणारा मजूर राज्य सोडत नाही, जिल्हाही सोडत नाही. म्हणून तो या कायद्याबाहेर राहिला.

तुमच्यासाठी यातून काय घ्यायचं? 'आकडेवारी खोटी असते' असा सोपा निष्कर्ष काढू नका. माझ्या रकान्यातलं 'आहे' खरंच होतं, फक्त चार महिन्यांपुरतं. म्हणून कोणताही दस्तऐवज हातात घेतला की आधी तीन गोष्टी विचारा: यात एकक काय धरलंय, नोंद कोणत्या महिन्यात झाली आणि त्या महिन्यात माणसं होती कुठे?

मी प्रश्नावली पुन्हा लिहिली. 'वीज आहे का?' हा प्रश्न काढला आणि बारा महिन्यांचा तक्ता घातला: कुठे राहिलात, दिवा कशाचा, ऊब कशाची, जळण कुणाचं. पहिल्या फेरीतली सगळी घरं पुन्हा करावी लागली. मार्गदर्शकांना उशिराचं कारण सांगताना जीभ जड झाली होती, पण सांगितलं.

दुसऱ्या फेरीत आजींना तोच तक्ता दाखवला. त्यांनी जून ते सप्टेंबरच्या चार चौकटींवर बोट ठेवलं आणि उरलेल्या आठांवरून हात फिरवून म्हणाल्या, "इथं अंधार लिही."