अस्सल पंक कोणाला म्हणायचं?

लोकप्रिय संगीताच्या इतिहासावरच्या या मालेत आज आपण पंककडे वळतो आहोत. विषय जाहीर केल्यापासून आमच्याकडे आलेले बरेचसे प्रश्न एकाच धाटणीचे होते. अमुक बँड खरा पंक का? तमुक गायकाने मोठ्या कंपनीचे पैसे घेतले, मग तो पंक कसा? हा वाद काही आजचा नाही. पंक जन्माला आलं तेव्हापासून तो चालू आहे. तेव्हा आज आपण कोणाला प्रमाणपत्र देणार नाही. खरं-खोटं ठरवायला लोकांनी कोणकोणती मापं वापरली, आणि ती कुठे तोकडी पडली, एवढंच पाहू.

सुरुवातीला दोन तारखा लक्षात ठेवा. २५ जानेवारी १९७७ आणि २९ जानेवारी १९७७.

२५ तारखेला लंडनच्या 'द क्लॅश' या बँडने सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. रक्कम होती एक लाख पौंड. तोवर या बँडची एकही रेकॉर्ड बाजारात आलेली नव्हती. त्या वेळी लंडनमध्ये मार्क पेरी नावाचा एक तरुण 'स्निफिन ग्लू' नावाचं नियतकालिक काढायचा. आपल्याकडे ज्यांना लघुअनियतकालिकं म्हणतात, त्यांच्याच कुळातलं. घरी टाइप करायचं, मथळे हाताने लिहायचे, झेरॉक्स काढायच्या आणि विकायच्या. पेरी मूळचा बँकेतला कारकून. क्लॅशने सीबीएसशी सही केली त्या दिवशी पंक मेलं, अशा अर्थाचं त्याचं मत पुढे फार गाजलं.

आता २९ तारीख. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड बाजारात आणली. कंपनी कुठली? त्यांची स्वतःचीच, नाव 'न्यू हॉर्मोन्स'. घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, डिसेंबरमध्ये एका दिवसात चारही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि एक हजार प्रती काढल्या. वेष्टनावर त्यांनी कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात झालं, मागाहून काय जोडलं, हेही छापून टाकलं. म्हणजे हलवायाने मिठाईच्या खोक्यावरच कृती लिहून द्यावी तसं. त्या हजार प्रती तर खपल्याच, पुढे हा आकडा सोळा हजारांवर गेला.

चार दिवसांत दोन घटना. एकीकडे लाख पौंड, दुसरीकडे उसने पाचशे. यातलं खरं पंक कोणतं, हे सांगायला वेळ लागणार नाही असं वाटतं. पण जरा थांबा. आधी बाकीची मापं पाहू.

पहिलं माप जन्माचं. पंक म्हणजे कामगारवस्तीतल्या, बेकार, भविष्य नसलेल्या पोरांचं संगीत, असं आपण ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य आहे. १९७६ साली ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर होता आणि सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरावे लागले होते. 'सेक्स पिस्टल्स'चा गायक जॉन लायडन हा आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, उत्तर लंडनमधल्या सरकारी घरांच्या वस्तीत वाढलेला. या मापात तो चपखल बसतो.

पण क्लॅशचा गायक जो स्ट्रमर बघा. खरं नाव जॉन मेलर. जन्म तुर्कस्तानातल्या अंकारा शहरातला, वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात अधिकारी. हे वडील जन्मले होते आपल्या लखनौमध्ये. मुलाचं शिक्षण वसतिगृहाच्या शाळेत झालं. न्यूयॉर्कचे 'रामोन्स' एकाच आडनावाचे भाऊ वाटतात, पण ते भाऊ नव्हते आणि रामोन हे कोणाचंच आडनाव नव्हतं. बरं, अस्सल वस्तीतला म्हणावा तो लायडन बँडमध्ये आला कसा? माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचं लंडनच्या किंग्ज रोडवर कपड्यांचं दुकान होतं. 'पिंक फ्लॉइड'च्या टी-शर्टवर आपल्याला त्यांचा तिटकारा असल्याचं खरडून हा मुलगा त्या परिसरात हिंडायचा. त्याला दुकानात बोलावून ज्यूकबॉक्सवरच्या गाण्याबरोबर हातवारे करायला लावले, हीच त्याची परीक्षा. म्हणजे पंकचा सगळ्यात गाजलेला बँड एका दुकानाच्या आसऱ्याने जुळवला गेला. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, ते इथेही लागू पडतं.

दुसरं माप दिसण्याचं आणि आवाजाचं. फाटके कपडे, सेफ्टी पिना, तीन कॉर्ड, वेग, ओरडणं. हे माप तर धोक्याचंच निघालं. 'स्क्रूड्रायव्हर' हा इंग्लंडच्या लँकशायरमधला बँड. १९७७ साली तो चारचौघांसारखा पंक बँड होता. कॉर्ड तेच, वेग तोच. काही वर्षांत तो उघडउघड नव-नाझी बँड झाला आणि वंशद्वेषी संघटनांसाठी गाऊ लागला. शिवाय लंडनच्या पंक वर्तुळात काहीजण केवळ वडीलधाऱ्यांना चिडवायला नाझी स्वस्तिक मिरवायचे. चिडवणं आणि खरंच द्वेष करणं यांतला फरक बघणाऱ्याला कपड्यांवरून कसा कळावा? आणि ज्याच्या वस्तीवर तेच चिन्ह लावलेली माणसं चालून येत होती, त्याने तो फरक करत का बसावं?

इथे आपल्याला आणखी एका तारखेकडे जावं लागतं. ४ जून १९७६. पंकच्या इतिहासात ती सोन्याची मानली जाते. त्या संध्याकाळी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. भरवला होता बझकॉक्सच्याच हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली यांनी. श्रोते मूठभर, पण त्यांतले काहीजण पुढे 'जॉय डिव्हिजन'मध्ये गेले, एक मॉरिसी म्हणून प्रसिद्ध झाला.

त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलमध्ये, डोमिनियन चित्रपटगृहाजवळ, गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या शीख मुलाला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून मारलं. साउथॉल म्हणजे पंजाबी वस्ती. या खुनानंतर तिथल्या तरुणांनी 'साउथॉल यूथ मूव्हमेंट' उभी केली. वय तेच, देश तोच, तारीखही तीच. एका ठिकाणी मुलं 'आम्हीही बँड काढू शकतो' असं म्हणत घरी गेली. दुसऱ्या ठिकाणी मुलं घरी जाण्याचा रस्ता सुरक्षित कसा करायचा याचा विचार करत होती. आपण पंकचा इतिहास सांगताना पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी विसरतो.

त्या दोन गोष्टी जवळ यायला वेळ लागला नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅममधल्या आपल्या कार्यक्रमात स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली आणि इनॉक पॉवेल या नेत्याची भलामण केली. ज्याने कृष्णवर्णीयांचं ब्लूज वाजवून नाव कमावलं, त्याने हे बोलावं! याच्या निषेधाचं पत्र संगीत नियतकालिकांत छापून आलं आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकातून मोर्चा निघाला आणि पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये मोठी मैफल झाली. लोक किती? ऐंशी हजारांच्या आसपास, असा अंदाज सांगितला जातो. मंचावर 'स्टील पल्स' हा बर्मिंगहॅमचा रेगे बँड होता. 'एक्स-रे स्पेक्स' होता, ज्याची गायिका पॉली स्टायरीन सोमाली वडिलांची मुलगी, दातांना तारा लावून बिनधास्त गाणारी. आणि होता तोच 'मेलेला' क्लॅश.

मैफलीने सगळं बदललं असं आम्ही म्हणणार नाही. अवघ्या चार दिवसांनी, ४ मे १९७८ रोजी, त्याच पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या बांगलादेशी कापड-कामगाराचा खून झाला. पण त्या काळात एखाद्या गोऱ्या पोराला 'तू कोणाच्या बाजूचा?' हा प्रश्न टाळणं अवघड करून ठेवलं, ते अशा मैफलींनी.

आता तिसऱ्या मापाकडे, म्हणजे पैशाकडे परत येऊ. क्लॅशने लाख पौंड घेतले हे खरंच. पण याच बँडने १९७९ मध्ये 'लंडन कॉलिंग' ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड एकीच्या किमतीत विकायला लावली. पुढच्या वर्षी 'सँडिनिस्टा!' या तीन तबकड्यांच्या संचाची किंमत खाली ठेवण्यासाठी पहिल्या दोन लाख प्रतींवरचं मानधन सोडलं. आणि बझकॉक्स? डेव्होटो बाहेर पडला आणि ऑगस्ट १९७७ मध्ये उरलेल्या बँडने 'युनायटेड आर्टिस्ट्स' या मोठ्या कंपनीशी करार केला. स्वतःची रेकॉर्ड काढून सात महिनेही झाले नव्हते! मग काय, बझकॉक्सही नकली?

तर 'स्पायरल स्क्रॅच' खोटी ठरत नाही, आणि क्लॅशचा करार विसरायचंही कारण नाही. चूक होते ती आपण 'पंक' हा शब्द माणसाच्या कपाळावर कायमचा चिकटवतो तेव्हा. तो कृतीला लावून बघा. लगेच गोष्टी स्वच्छ दिसू लागतात. वेष्टनावर कृती छापणं पंक. घेतलेल्या लाखातून श्रोत्याचा खिसा वाचवणं पंक. त्याच हिवाळ्यात 'साइडबर्न्स' नावाच्या एका छोट्या नियतकालिकात गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापून वाचकाला सरळ बँड काढायला सांगितलं होतं. लोक याचं श्रेय चुकून 'स्निफिन ग्लू'ला देतात. तेही पंक. 'स्क्रिटी पोलिटी' या बँडने १९७८ च्या आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर ती काढायला आलेला खर्च बाबवार मांडला, तेही. या सगळ्यांत समान काय? स्वतः आत शिरल्यावर दार उघडं ठेवणं.

दार उघडं ठेवलं की कोण येतं? १९७९ मध्ये लंडनमध्ये 'एलियन कल्चर' नावाचा बँड निघाला. तिघे पाकिस्तानी स्थलांतरितांचे मुलगे आणि एक गोरा मित्र. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवर, वेगळ्या संस्कृतीच्या लोकांच्या लोंढ्यात आपण बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते, असं वक्तव्य केलं होतं. या पोरांनी तेच बोलणं उचलून बँडचं नाव केलं. आम्हीच ती परकी संस्कृती, बोला! १९८० मध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या लेबलवर त्यांची 'एशियन यूथ' ही सिंगल आली, आणि लवकरच बँड थांबला. जन्म, कपडे, खप, कोणत्याही मापाने हा बँड 'पंकच्या इतिहासात' बसत नव्हता, म्हणून कित्येक वर्षं तो कोणाच्या यादीतच नव्हता.

उलट उदाहरणही सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात गिलमन स्ट्रीटवर १९८६ च्या शेवटच्या दिवशी एक जागा सुरू झाली. स्वयंसेवकांनी चालवलेली, स्वस्त तिकिटाची, वंशद्वेषाला थारा नसलेली. फार चांगली जागा. तिथे नियम होता की मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला वाजवता येणार नाही. तिथेच वाढलेल्या 'ग्रीन डे'ने असा करार केला, १९९४ मध्ये 'डूकी' आली, आणि त्यांना ते दार बंद झालं. नियम समजण्यासारखा होता, कारण त्यामुळे नव्या पोरांना मंच मिळत राहिला. पण नियमाचं सोवळं व्हायला वेळ लागत नाही. २०१५ मध्ये ग्रीन डे तिथे पुन्हा वाजवायला आला, तो आगीत नुकसान झालेल्यांच्या मदतीसाठी. कोणी शिवाशिव मोडली म्हणून आकाश कोसळलं नाही.

तेव्हा मंडळी, 'हा खरा पंक का?' असं पुन्हा कोणी विचारलं तर आपण दोन साधे प्रश्न उलट विचारू. याने पुढच्याला काय दाखवलं, काय हाती दिलं? आणि ज्या दिवशी बाजू घ्यायची वेळ आली, त्या दिवशी हा कुठे उभा होता? ४ जून १९७६ ची तारीख सांगताना यापुढे मँचेस्टरबरोबर साउथॉलचंही नाव घेऊ या.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे पाठवा. पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.