शहा आयोग : न्याय, सूड आणि एक अटक

सत्तांतर होऊन माजी सत्ताधाऱ्यांची चौकशी सुरू झाली, की दोन वाक्ये ठरल्याप्रमाणे कानी पडतात. 'कायदा आपले काम करीत आहे' हे एक, आणि 'हा राजकीय सूड आहे' हे दुसरे. बोलणारे पक्ष बदलतात, वाक्ये तीच राहतात. यांतील एक खरे असेल तर दुसरे खोटे असलेच पाहिजे, असे आपण सारे गृहीत धरतो. आम्हांला हे गृहीतकच तपासून पाहावेसे वाटते, आणि त्यासाठी शहा आयोगाची हकीकत पुन्हा एकदा आठवणे उपयोगाचे आहे.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचा पराभव झाला आणि जनता पक्ष सत्तेवर आला. २८ मे १९७७ रोजी नव्या सरकारने निवृत्त सरन्यायाधीश जयंतिलाल छोटालाल शहा यांचा एकसदस्य आयोग नेमला. आणीबाणीतील सत्तेच्या गैरवापराची चौकशी हे त्याचे काम. पक्षपाताचा संशय घ्यायला जागा पुरेपूर होती. पंतप्रधान मोरारजी देसाई आणि गृहमंत्री चरणसिंग हे दोघेही आणीबाणीत स्थानबद्ध होते. शिवाय १९६९ मध्ये इंदिराजींनी केलेले चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण घटनाबाह्य ठरवणारा १९७० चा बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हेच शहा. फिर्यादी दुखावलेला, आणि पंचाने पूर्वी एकदा विरोधात कौल दिलेला. आरोपीच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्याला याहून अधिक काय हवे होते?

तरीही आयोगाचे काम पाहू लागलो, की हा संशय हळूहळू मागे पडतो. दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये उघड सुनावण्या झाल्या. आयोगाकडे ४८ हजारांवर तक्रारी आल्या. ज्यांच्यावर ठपका येण्याचा संभव होता त्यांना नोटिसा देऊन बाजू मांडण्याची संधी दिली गेली. निष्कर्षांचा मुख्य आधार सरकारी दप्तर आणि अधिकाऱ्यांच्या साक्षी हा होता. विरोधकांच्या भाषणांवर ते उभे नव्हते. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही आधी झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी भरली. त्याच रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. 'मिसा'खाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली. १९७६-७७ या एका वर्षात नसबंदीचे उद्दिष्ट ४३ लाख होते आणि शस्त्रक्रिया झाल्या ८१ लाखांवर. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणूनच ते कायद्याच्या पुस्तकात आले नाही.

इंदिरा गांधी जानेवारी १९७८ मध्ये आयोगापुढे आल्या, पण त्यांनी शपथ घेऊन साक्ष देण्यास नकार दिला. गोपनीयतेच्या शपथेने आपण बांधलेल्या आहोत, आणि संसदेने मान्य केलेल्या आणीबाणीच्या निर्णयाची चिकित्सा आयोगाला करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे आक्षेप निव्वळ पळवाट नव्हते. त्यांत कायद्याचा विचार करण्याजोगा अंश होता. पण नसबंदीच्या छावणीत ओढून नेलेल्या माणसाच्या प्रश्नाला गोपनीयतेची शपथ हे उत्तर होऊ शकत नाही.

मग बिघडले कोठे? आमच्या मते ३ ऑक्टोबर १९७७ या एका दिवशी. आयोगाच्या सुनावण्या नुकत्याच सुरू झालेल्या असताना गृहखात्याने इंदिरा गांधींना अटक करवली. आरोप आणीबाणीतील अत्याचारांचे नव्हतेच. निवडणुकीसाठी मिळवलेल्या जीपगाड्या आणि तेलविषयक एक कंत्राट, असे ते विषय होते. त्यांनी बेड्या घालण्याचा आग्रह धरला. दिल्लीबाहेर नेले जात असताना वाटेतील रेल्वे फाटकाजवळ गाडी थांबली आणि त्या रस्त्याकडेला बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्याने कोठडीला आधार नाही म्हणून त्यांना सोडून दिले. मार्चमध्ये मतदारांनी नाकारलेली नेता ऑक्टोबरात छळाची बळी ठरली. पुढे डिसेंबर १९७८ मध्ये लोकसभेने हक्कभंगासाठी त्यांचे सदस्यत्व रद्द करून अधिवेशन संपेपर्यंत तिहारला धाडले. १९८१ मध्ये नव्या बहुमताच्या लोकसभेने तो ठराव मागे घेतला. बहुमताने दिलेली शिक्षा बहुमतानेच पुसली, यात नवल ते काय?

याच सरकारच्या दारी दुसरी कसोटीही उभी राहिली. पंतप्रधानांचे चिरंजीव कांति देसाई यांच्यावरील आरोपांची चौकशी व्हावी असा ठराव राज्यसभेने १९७८ मध्ये केला, तेव्हा सरकार चालढकल करीत राहिले. दुसऱ्यांसाठी आयोगांची रांग लावणाऱ्यांनी घरच्या माणसासाठी वेगळा गज वापरला.

येथे १९५८ चे छागला प्रकरण आठवते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये गुंतवले. हा प्रश्न लोकसभेत लावून धरला तो सत्तारूढ पक्षाच्याच फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्या जावयाने. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेऊन महिन्याभरात काम उरकले आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. या चौकशीला सूड म्हणण्याची सोयच नव्हती. पण स्वपक्षाने केलेली चौकशी तेवढीच निर्मळ, असा नियम केला तर चौकशा जवळजवळ बंदच पडतील. फिरोज गांधी रोज जन्मत नाहीत. चौकशी बहुधा विरोधकच करणार, आणि त्यांच्या मनात राग असणारच. राग असणे हा दोष नव्हे. चौकशी चालू असताना तो राग पोलिसांच्या हाती देणे हा दोष आहे.

म्हणूनच 'न्याय की सूड' हा प्रश्न आम्हांला अपुरा वाटतो. १९७७ मध्ये दोन्ही होते. आयोगाने सांगितलेले बहुतांशी खरे होते आणि सरकारने केलेले बरेचसे सूडाचे होते. दुर्दैव असे, की लोकांच्या स्मरणात दुसऱ्याने पहिल्याला झाकून टाकले. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन परतल्या, खटले विरून गेले आणि अहवालाच्या प्रती मिळेनाशा झाल्या. संसदपटू एरा सेझियन यांनी आपल्याकडील प्रतीवरून तो पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा तीन दशके लोटली होती. आम्हीही तोवर, अहवाल न वाचताच, 'जनता पक्षाचा सूड' असे म्हणून मोकळे होत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्या अटकेने इंदिरा गांधींचे नुकसान झाले नाही. उलट त्यांची परतीची वाट सोपी झाली. नुकसान झाले ते त्या ४८ हजार तक्रारदारांचे. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले, नोंदवले गेले, पुष्कळसे खरेही ठरले. आणि मग ते एका पक्षाचे म्हणणे म्हणून बाजूला सारले गेले.