खिडकीच्या चिपपासून पोगो पिनपर्यंत

आमच्या भोसरीतल्या शेडमधली पोरं बोर्डात प्रोग्रॅम भरायला पोगो पिनचा जिग दाबतात, हिरवा दिवा लागला की बोर्ड पुढे सरकवतात. काचेच्या खिडकीची चिप त्यांनी पाहिलेलीच नाही. इंटेलच्या डोव फ्रोमन यांनी १९७१ मध्ये आणलेली ती ईप्रॉम! प्रोग्रॅम बदलायचा तर चिप सॉकेटमधून उपटा, अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पुन्हा भरा, खिडकीवर स्टिकर डकवा. उपटताना पाय वाकायचे ते वेगळंच.

१९९३ च्या पीआयसी१६सी८४ या मायक्रोकंट्रोलरमध्ये मेमरी विजेनेच पुसली जायची, आणि चिप बोर्डावर बसल्या जागी पाच तारांत भरता यायची. मग त्या तारांसाठी प्रत्येक बोर्डावर कनेक्टर कशाला? मालकाला रुपयासुद्धा खुपतो. तांब्याचे पॅड ठेवले की भागलं. बोर्ड तपासायच्या यंत्रांत स्प्रिंगच्या पिना आधीपासून होत्याच, त्याच पोगो पिना इकडे आल्या.

नळी, आत स्प्रिंग, पुढे सोन्याचा मुलामा दिलेला दांडा. टोक मात्र बघून घ्यावं: सपाट पॅडला अणकुचीदार, भोकाला शंकूचं. स्प्रिंग दोन-तृतीयांशच दाबावी. टोकावर फ्लक्स साचला की चांगला बोर्डही नापास होतो. त्यावर उपाय आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश.