शाळेच्या वाय-फायची किल्ली कोणाच्या हाती?

शाळेत वाय-फाय आले की सगळे विचारतात, पासवर्ड काय आहे? तो कोणाकडे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या निमित्ताने आम्ही गेली काही वर्षे अनेक शाळांच्या कार्यालयांत बसलो आहोत. बहुतेक ठिकाणी चित्र सारखेच. राउटर कपाटावर, पासवर्ड भिंतीवरच्या कागदावर, आणि तो पासवर्ड म्हणजे शाळेचे नाव व पुढे एक-दोन-तीन. त्याच नेटवर्कवर लिपिकाचा संगणक असतो. त्यात मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, बँक खाती. त्याच नेटवर्कवर दुरुस्तीला आलेला माणूस आणि शेजारचा दुकानदारही असतो. दहावीच्या मुलीने अभ्यासासाठी जोडणी मागितली की मात्र उत्तर मिळते, "सुरक्षेचा प्रश्न आहे." म्हणजे जपायचे ते उघड्यावर आणि वाटायचे ते कुलपात. हे कसे झाले ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

वाय-फायचे मूळ मानक, ८०२.११, १९९७ साली आले. त्यात सुरक्षेसाठी जी पद्धत ठेवली होती तिचे नाव 'वेप'. तारेच्या नेटवर्कइतकी गोपनीयता देऊ, असा तिचा दावा होता. पण चावी होती अवघी ४० बिटांची, कारण मजबूत संकेतलेखन देशाबाहेर विकण्यावर त्या काळी अमेरिकी सरकारचे निर्बंध होते. थोडक्यात, एका सरकारच्या धोरणासाठी साऱ्या जगाच्या दाराला मुद्दाम कच्चे कुलूप लावले गेले. पुढे चावी लांब केली, तरी रचनेतला दोष तसाच राहिला. २००१ मध्ये फ्लूहरर, मँटिन आणि शमिर या तिघांनी तो दोष जाहीरपणे मांडला. २००७ पर्यंत जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मिनिटाच्या आत ते कुलूप उघडून दाखवले. त्याच वर्षी उघड झालेल्या टीजेएक्स या अमेरिकी दुकानसाखळीच्या चोरीत साडेचार कोटींहून अधिक कार्डांची माहिती गेली होती, आणि चोर शिरले होते दुकानाच्या कच्च्या वाय-फायमधूनच.

मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. कुलूप सुधारत गेले. पण आमच्या मते या इतिहासातली मोठी गोष्ट कुलपाची नाहीच, ती चावीची आहे. घरात चार माणसांत एक पासवर्ड चालतो. चारशे मुलांच्या शाळेत एकच पासवर्ड म्हणजे एक तर तो सगळ्या गावाला माहीत, नाही तर दोघांनाच माहीत. एका मुलाकडून तो फुटला तर सगळ्यांचा बदलावा लागतो, आणि बदलायचा कंटाळा म्हणून तोच वर्षानुवर्षे राहतो. त्यात आणखी एक मेख आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये सामायिक पासवर्ड ठाऊक असलेल्याने दुसऱ्याची जोडणी होताना ती टिपली, तर त्याची असंकेतित रहदारी तो वाचू शकतो.

यावरचा उपाय जवळपास वाय-फायइतकाच जुना आहे. ८०२.१एक्स हे मानक २००१ चे. त्यात प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते. मूल शाळा सोडून गेले की फक्त त्याचे खाते बंद होते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. याच पायावर युरोपातल्या विद्यापीठांनी २००२-०३ पासून 'एज्युरोम' उभे केले. एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या आवारात गेला तरी आपल्याच खात्याने जोडला जातो. त्याची ओळख त्याची मूळ संस्था पटवते आणि त्याचा पासवर्ड यजमान संस्थेच्या हाती जात नाही. परक्या माणसाला आत घेणे हाच या व्यवस्थेचा हेतू होता. सुरक्षा आणि प्रवेश यांचे भांडण नसते, हे तिथे वीस वर्षांपूर्वीच दिसले.

आपल्याकडे मात्र सुरक्षेची चर्चा वेगळ्या वाटेने आली. ती भीतीतून आली. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचे निघाले. ऑगस्टमधला दुसरा ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांनंतरचा तिसरा चेंबूरच्या एका कंपनीच्या. ज्यांचे राउटर होते त्यांचा दोष एवढाच की दार उघडे होते. चौकशीला तोंड मात्र त्यांना द्यावे लागले. पुढच्या वर्षी मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत फिरू लागले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वापरणाऱ्याची ओळख पटवण्याबद्दल सूचना काढल्या. सूचना चुकीच्या नव्हत्या. पण संस्थांनी त्यातून सोपा धडा घेतला. खाती कोण तयार करणार, नोंदी कोण ठेवणार? त्यापेक्षा बंदच ठेवा.

बंद ठेवणाऱ्याच्या हातात सत्ता येते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. साताऱ्याच्या शाळेत बालपणीच्या बाबासाहेबांना नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. राउटरची तुलना पाण्याशी करणे काहींना अती वाटेल. पाण्यावाचून जीव जातो, वाय-फायवाचून जात नाही, हे आम्हालाही कळते. पण व्यवस्थेची रचना बघा. साधन सार्वजनिक पैशाचे, नियम कुठेही लिहिलेला नाही, आणि कोणाला मिळणार हे तोटीजवळच्या माणसाच्या मर्जीवर. जिथे नियम लिहिलेला नसतो तिथे जुनी उतरंड आपोआप नियम बनते. ज्याच्या घरी फायबर आहे त्या मुलाला शाळेच्या वाय-फायचे काय पडले आहे? ज्याच्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही बापाबरोबर कामावर जातो, त्याचे मात्र या मर्जीवाचून अडते.

गाळणीचेही तसेच. मुलांना अश्लील साइटपासून वाचवायला फिल्टर हवा, याला आमचा विरोध नाही. पण तो कोणी आणि कशावर लावला हे तपासले पाहिजे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कॅम्डेन्टन शाळा-जिल्ह्याच्या फिल्टरमध्ये समलिंगी मुलांना आधार देणारी संकेतस्थळे लैंगिक म्हणून अडवली जात होती आणि त्यांच्या विरोधातली धार्मिक म्हणून खुली राहत होती. २०१२ मध्ये न्यायालयाने हे थांबवायला सांगितले. आपल्या शाळांच्या फिल्टरमध्ये काय अडते आणि काय सुटते, हे कोणत्या पालकाला दाखवले जाते?

आपल्याही न्यायालयांत हा विषय येऊन गेला आहे. केरळमध्ये कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात ठराविक तासांत मोबाईल वापरायला मनाई होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला लावले. शिक्षण आणि खासगीपणा, दोन्ही एकाच निकालात. आमचा मुद्दाही एवढाच आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आणि त्यांचा माग काढण्यावर बंधन, अशा तरतुदी केल्या. तेव्हा स्वतंत्र खाती म्हणजे प्रत्येक मुलाने काय पाहिले याची कायमची वही नव्हे. नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि कोण पाहणार, हे लिहून ठरले पाहिजे.

"हे सगळे महाग आहे," असे आम्हाला सांगितले जाते. यू-डायस प्लसनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५३.९ टक्के शाळांतच इंटरनेट होते, हे खरे. पण जिथे आहे तिथले काय? कार्यालयाचे आणि मुलांचे नेटवर्क वेगळे करायला बऱ्याच साध्या राउटरमध्येही पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क असते. ते सुरू करायला पैसा लागत नाही. राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलायलाही लागत नाही. स्वतंत्र खात्यांसाठी फ्रीरेडियस हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर चालते. माणूस शिकवावा लागतो, आणि खर्च होतो तो तिथे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि त्यात वंचित घटकांना प्रमाणात जागा असतात. आमच्या माहितीतल्या एका शाळेत अशाच एका पालक बाईंनी, त्या शेतमजुरी करतात, बैठकीत विचारले, "माझ्या पोरीचा जातीचा दाखला ज्या कॉम्प्युटरात आहे, त्याचा पासवर्ड भिंतीवर कशाला?" कोणाकडे उत्तर नव्हते. कागद त्याच दिवशी निघाला. मुलांसाठी वेगळे नेटवर्क सुरू व्हायला आणखी पाच महिने लागले, आणि त्याची वेळ अजून फक्त मधल्या सुट्टीची आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत त्यांनी शाळा सुटल्यानंतरचा एक तास मागितला आहे.