स्क्रोल लॉकचा दिवा आणि एक परकी कळ

मराठी विभागात नवा लॅपटॉप आला तेव्हा त्याच्या कळफलकावरील एका अनोळखी चिन्हाने आमच्या एका विद्यार्थिनीचे लक्ष वेधून घेतले. उजव्या हाताला, जेथे पूर्वी कंट्रोलची कळ असे, तेथे आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाची कळ होती. तिने विचारले, "सर, हे बटण आपल्या काही कामाचे नाही. याला दुसरे काम लावता येईल का?" प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु मराठी टंकलेखनाचा गेल्या चार दशकांचा इतिहास ज्याने पाहिला आहे, त्याला हा प्रश्न जुनाच आहे हे लक्षात येईल. दुसऱ्यासाठी केलेल्या कळीला आपले काम लावणे, याच मार्गाने मराठी संगणकावर आली आहे.

याचे पहिले उदाहरण स्क्रोल लॉकचे. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला, तेव्हा त्याच्या कळफलकावर ही कळ होती. ती दाबलेली असताना बाणांच्या कळांनी पडद्यावरील खूण न हलता सगळा मजकूरच वरखाली सरकावा, अशी तिची योजना होती. पुढे ही गरज जवळजवळ संपली, पण कळ मात्र राहिली, आणि कळफलकाच्या कोपऱ्यातील तिचा छोटा दिवाही राहिला. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले काम तेथे पुढे गेले. आयएसएम, श्रीलिपी यांसारख्या प्रणाली डीटीपी केंद्रांत पोहोचल्या, तेव्हा इंग्रजीतून मराठीत जाण्यासाठी एक मोकळी कळ हवी होती. ती स्क्रोल लॉकच्या रूपाने सापडली. दिवा लागला की मराठी, विझला की इंग्रजी.

नांदेड येथे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतरच्या काळात शिकलेल्या आमच्या पिढीला हा दिवा चांगला आठवतो. नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या डीटीपी केंद्रात प्रबंधाचे हस्तलिखित घेऊन ऑपरेटरच्या शेजारी बसावे, आणि त्याचे बोट त्या कोपऱ्यातील कळीकडे गेले की समजावे, आता आपली भाषा सुरू झाली. ज्या प्रदेशात १९४८ पर्यंत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि मराठी माणसाचा अर्जही परभाषेच्या वाटेने सरकारदरबारी जात असे, तेथे मराठीसाठी एक दिवा लागणे ही लहान गोष्ट नव्हती.

अर्थात या दिव्याखाली अंधारही होता. त्या काळातील बहुतेक मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असे. तो फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला की परिश्रमपूर्वक लिहिलेला प्रबंध निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन समोर येई. युनिकोडने ही अडचण दूर केली. मात्र भाषा बदलण्यासाठी आता दोन कळा एकत्र दाबाव्या लागू लागल्या, आणि पुढे अनेक लॅपटॉपवरून स्क्रोल लॉकची कळच नाहीशी झाली. मजकुराला स्थैर्य लाभले, परंतु मराठीने मिळवलेली एकुलती एक कळ गेली.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकाचा आराखडा भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केला. सर्व भारतीय लिप्यांना एकच आराखडा, एका ध्वनीला सर्वत्र एकच जागा, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे दाक्षिणात्य भाषांतील कठोर 'र' देवनागरीत लिहिता यावा म्हणून 'ऱ' हे अक्षर आले. शिफ्टसह इंग्रजी 'जे' ही त्याची जागा. मराठीत हे अक्षर स्वतंत्रपणे येत नाही. पण त्याचा पाय मोडला की जे चिन्ह तयार होते, ते मराठीला नित्य लागते. ते म्हणजे दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा या शब्दांतील अर्धचंद्राकृती रफार. देगलूर, बिलोलीची सीमा तेलंगणाला आणि उदगीर, निलंग्याची कर्नाटकाला भिडते. दक्षिणेच्या शेजाऱ्यांसाठी राखलेल्या अक्षरावर आमचे नित्याचे लेखन चालावे, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

या चिन्हाची किंमत काय, असे कोणी विचारील. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. 'आचार्यास' दिलेली दक्षिणा आणि 'आचाऱ्यास' दिलेली मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठवाड्यातील कोणत्याही अर्जात हमखास येणारा 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द या चिन्हावाचून शुद्ध लिहिताच येत नाही. तरीही उत्तरपत्रिकांइतकाच प्रकल्प-अहवालांतही 'शेतकर्यांच्या' असा शब्द वारंवार भेटतो. अनेकदा लिहिणाऱ्याला नियम ठाऊक असतो, कळ ठाऊक नसते. शिवाय हेच चिन्ह साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा जुन्या पद्धतीनेही उमटते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी शब्द दोन ठरतात आणि शोध घेताना एक निसटतो.

आता त्या नव्या कळीकडे येऊ. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये कोपायलट कळ जाहीर केली. विंडोजच्या कळफलकातील जवळजवळ तीन दशकांतील हा पहिला मोठा बदल, असे तिचे वर्णन झाले. गंमत अशी की ही 'नवी' कळ आतून संगणकाला विंडोज, शिफ्ट आणि एफ-२३ असा संदेश पाठवते. एफ-२३ ही चोवीस कार्यकळा असलेल्या जुन्या कळफलकांची आठवण आहे. म्हणजे नव्या कळीनेही एक टाकलेले नावच उचलले आहे.

स्क्रोल लॉक आणि ही कळ यांत एक भेद मात्र आहे. स्क्रोल लॉक ओस पडली होती. तिच्यावर कोणाचा दावा नव्हता. या कळीला मालक आहे, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये तिच्यासाठी मोजकेच पर्याय मिळतात. तथापि पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्याच विनामूल्य साधनसंचात कीबोर्ड मॅनेजर आहे. त्यात कळीचा संदेश बदलता येतो, एवढेच नव्हे तर कळ दाबताच ठरावीक अक्षरे उमटावीत अशी योजनाही करता येते. त्या विद्यार्थिनीला मी सुचवले की या कळीवर 'ऱ्' बसवून पाहा. पुढे 'य' लिहिला की शब्द पूर्ण होतो.

ही कळ मूळची आपल्यासाठी लिहून देणारी. तिला आपण लिहिण्याच्या कामाला लावले, यात यंत्राचा अव्हेर नाही. साहाय्यक हवा तेव्हा तो अन्य मार्गानेही उघडता येतो. पण तयार निबंध एका बोटावर आणि आपल्या भाषेचे एक अक्षर तीन कळांवर, ही मांडणी भाषेच्या अध्यापकाने निमूटपणे का स्वीकारावी? त्या दिवशी विद्यार्थिनीने नव्या कळीने लिहिलेला पहिला शब्द 'शेतकऱ्यांच्या' हा होता. तिच्या प्रकल्पाच्या शीर्षकातलाच तो शब्द होता, आणि आधीच्या प्रतीत तो अशुद्ध छापला गेला होता.